कडक हात

हल्ली तेलगावच्या आसपास कुणाचा हात मोडला, की माणसं आधी हाडवैदाकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. मी वैद्य नाही. मी कासार आहे, बांगड्या भरतो. पण माझा उजवा हात मोडला, जुळला, ताठ होऊन बसला आणि पुन्हा कामाला लागला, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. येणारा तेच विचारतो, मी तेच सांगतो, आणि तोवर ताटातली भाकरी गार होते. म्हणून पंतोजींकडे चार वर्षं गिरवलेलं अक्षर आता कामाला लावतो आहे. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं कुणाकडून वाचून घ्यावं. माझ्या चुका मी यात झाकलेल्या नाहीत, कारण खरा उपयोग त्यांचाच आहे.

पडलो ते

फाल्गुन महिना होता. दिंद्रुडचा बाजार उरकून मी तेलगावला परत येत होतो. पेट्या तट्टावर होत्या, पण उत्तरेकडून आलेल्या नव्या हिरव्या काचेच्या माळा मी तट्टाच्या भरवशावर सोडल्या नव्हत्या. त्या माझ्या दोन्ही हातांत होत्या. ओढ्यातल्या शेवाळल्या दगडावर पाय ठेवला आणि गेलो.

पडणारा माणूस हात टेकतो. जनावरसुद्धा पाय टेकतं. मी मात्र दोन्ही हात वर धरले, माळांना धक्का लागू नये म्हणून, आणि सगळं अंग उजव्या कोपरावर आलं. आवाज मीच ऐकला. पहिला विचार आला तो काच फुटली असा. माळा पाहिल्या तर तीनच बांगड्या पिचल्या होत्या. मग हात पाहिला.

गावात पुढं वर्षभर थट्टा चालली, "बांगड्या वाचल्या, कासार फुटला." मीही हसायचो. दुसरं काय करणार?

रामा हाडवैद

आमच्या गावच्या धनगर वस्तीवर रामा नावाचा म्हातारा हाडवैद होता. मेंढरांची हाडं बसवता बसवता तो माणसांची बसवायला लागला होता. त्यानं कोपराभोवती बोटं फिरवली, डोळे मिटून चाचपलं आणि म्हणाला, "दोन जागी हाय. बसंल. पर वरडायचं न्हाई, मला हाडाचा आवाज ऐकू आला पायजे."

आमच्या मंडळींचं नाव भागीरथी. नाव कागदावर लिहिलं म्हणून ती रागावणार आहे, पण तिच्याशिवाय ही हकिकत पुढं सरकत नाही. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. रामानं हात ओढला तेव्हा मी ओरडलो नाही. डाव्या हातानं तिचं उजवं मनगट धरलं आणि आवळलं. हाड बसलं, आणि तिच्या त्या हातातल्या साऱ्या बांगड्या माझ्या मुठीत वाढवल्या गेल्या. सौभाग्यवतीच्या बांगड्या फुटल्या असं आम्ही म्हणत नाही. मनगटातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, तिकडं बगा."

रामानं उडदाच्या पिठाचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या, कापड गुंडाळलं. जाताना बजावलं, "बोटं रोज हालवत ऱ्हा. एकवीस दिसांनी ये, सोडून देतो."

माझी चूक

आता ऐका. आमच्या घरी सात पिढ्या काच हाताळतात. बांगडीला चीर गेली की तिला कुणी हात लावत नाही, हलवली की ती दोन तुकडे होणारच. तडा गेलेली वस्तू जागची हलवायची नाही, हे मला बोलायला येण्याआधीपासून शिकवलेलं आहे. मी माझ्या हाताशी तसाच वागलो.

बोटं हलवली नाहीत. एकवीस दिवस झाले, गेलो नाही. रामानं निरोप धाडला, मी उलट निरोप दिला की अजून पंधरा दिवस राहू द्या, मजबूत होऊ द्या. पंधराचे तीस झाले. हात गळ्यात बांधून मी ओसरीवर बसायचो आणि कुणी जवळून गेलं तरी खेकसायचो. भीती होती, दुसरं काही नाही. पण भित्रा माणूस आपल्याला भित्रा म्हणत नाही, जपणारा म्हणतो.

शेवटी ज्येष्ठात रामाच काठी टेकत घरी आला. काही न विचारता त्यानं कापड कापलं. आतून निघालेला हात पाहून मला तो माझा वाटेना. पऱ्हाटीसारखा वाळलेला, कातडी सोललेली, कोपर अर्धं वाकलेलं आणि तिथंच थिजलेलं. वर जाईना, खाली येईना. मूठ मिटेना.

"हाड कवाच जुळलंय बे कासारा," रामा म्हणाला. "सांधा मारलास तू. कावून आला न्हाईस?"

त्यानं दोनदा हलवून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "हे माझ्या हातचं न्हाई. बीडला जा." आजवर त्यानं कुणाला बीडला जा असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरातली भांडणं

बांगड्या भरायला दोन्ही हात लागतात. डाव्या हातानं बाईचा पंजा धरायचा, दाबायचा, अंगठ्याखालचा गोळा आत घ्यायचा, आणि उजव्यानं बांगडी सांध्यावरून उतरवायची. उजवं मनगट फिरलं नाही, कोपर पुढं गेलं नाही, तर मी कसला कासार? तसा मी एका ताठ हाताचा माणूस झालो होतो.

मी घरी बसलो तेव्हापासून भागीरथी गावं करत होती, गावोगाव हिंडून बांगड्या भरत होती. पेट्या तट्टावर लादून दिंद्रुडच्या बाजारालाही जायची. एक दिवस ती आली ती हसतच. माळा रिकाम्या झाल्या होत्या. म्हणाली, "बाया म्हनत्यात, तुमचा हात लई हलका हाय, कासारदादापरीस बरा."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "मग आता मला बीडला कशाला नेतीस? बसतो इथंच, भाकरी थापतो."

"थापा की," ती म्हणाली. "पर त्यालाबी मनगट फिरावं लागतंय."

मी ताट सरकवलं. दोन दिवस ओसरीवरच बसून काढले. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. त्यात एकच बांगडी होती, मोठ्या मापाची, हात वर केला की कोपरापर्यंत घसरणारी. तिच्या मापाची नव्हती. भागीरथीचा हात कडक. आम्ही कासार हातांच्या जाती ओळखतो, मऊ, घामानं ओला, कडक. कडक हातात मापाची बांगडी उतरवणं हीच कासाराची परीक्षा, आणि साऱ्या मुलखात तिच्याइतका कडक हात मी दाबला नाही. तिला स्वतःला तो भरता येत नसे.

"चार महिने अशीच हिंडतीस? कासाराची बायको आन् भुंडा हात? माजलगावच्या कासाराकडून का भरून घेतल्या न्हाईस?"

"बाया बी इचारत्यात," ती म्हणाली. "मी सांगते, आमच्या कासाराचा हात दुखतोय. बरा झाला की भरीन."

"आन् न्हाई झाला तर?"

ती उठली आणि भावाची बैलगाडी सांगायला गेली.

सरकारी दवाखाना

वडवणीला मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी बीडला पोचलो. निजाम सरकारच्या दवाखान्यात मी आयुष्यात प्रथमच पाऊल ठेवलं. पडवीत माणसं रांगेनं बसली होती, औषधाचा वास नाकात चढत होता. मला दोन दिवस ठेवून घेतलं. सकाळी झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी कण्या, आणि सगळा वेळ बाजूच्या खाटेवरच्याचं कण्हणं. आपलं दुखणं थोडं लहान वाटायला लागतं, एवढं एक सुख.

डॉक्टर हैदराबादेकडचे होते. मला वाटलं होतं ते लगेच ताठ हाताला भिडतील. त्यांनी आधी चांगला हात मागितला. तो किती वाकतो, किती फिरतो, ते फितीनं मोजलं. मग दुखरा. तोंडाला लावा, मानेमागं न्या, तळवा आभाळाकडे करा. जे जमेना ते जमत नाही म्हणून निमूट लिहून घेतलं. त्या मोजण्यात एक शांतपणा होता. चार महिने माझ्या मनात हात 'गेला' होता, त्या सकाळी तो इतका राहिला आणि इतका गेला असा झाला.

मग त्यांनी मला समोर बसवून वाटा सांगितल्या. एक, भूल देऊन सांधा जोरानं मोकळा करायचा. "खुल भी सकता, टूट भी सकता," ते म्हणाले. दुसरी, आहे तसा राहू द्यायचा, अर्ध्या वाकलेल्या हातानं माणूस जेवू तरी शकतो. तिसरी वाट सांगताना ते जरा हसले. गावात तालमीचे एक उस्ताद आहेत, लतीफ उस्ताद. पहिलवानांचे उखडलेले सांधे त्यांच्या हाताखाली वळणावर येतात. वेळ लागेल, दुखेल, आणि पूर्ण येईलच असं नाही.

"आप क्या करते?" मी विचारलं. म्हणजे तुमचा हात असता तर.

"मैं उस्ताद के पास जाता," डॉक्टर म्हणाले. "मर्जी तुमारी."

एवढ्या मोठ्या माणसानं दुसऱ्याच्या दारात पाठवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

लतीफ उस्ताद

तालमीच्या दाराशी कडुनिंब होता आणि आत लाल माती. उस्ताद साठीच्या पुढचे, कान चुरगळलेले. त्यांनी हाताला हातच लावला नाही. म्हणाले, "पैरण काढ." मी डाव्या हातानं धडपडत काढली. "पाणी पी." तांब्या डाव्या हातानं उचलला. "पागोटं बांध." ते काही मला बांधता आलं नाही. ते नुसते पाहत होते. मला वाटलं, हा इलाज आहे का तमाशा!

मग विचारलं, "धंदा काय?"

"बांगड्या भरतो."

"लई कडक हाताची बाई आली, तर काय करतोस? जोर करतोस?"

मला हसू आलं. "जोर केला तर बांगडी पिचून काच बाईच्या हातात घुसंल, रक्त निघंल. आधी हात ऊन पाण्यात ठिवायचा. तेल लावायचं. मग माहेरची गोष्ट काढायची. बाई बोलायला लागली की हात सैल पडतो. मग एकेक हाड दाबत, तिनं श्वास सोडला की सूतभर पुढं. पुन्हा थांबायचं."

"आन् बाई 'दुखतंय' म्हणाली तर?"

"थांबायचं. पर बांगडी मागं घ्यायची न्हाई."

उस्तादांनी माझं कोपर दोन्ही तळव्यांत धरलं. "तर मग मी तुला काय शिकवू? हाच तो कडक हात. तुला सगळं येतंय, कासार. फक्त तुला वाटतंय ही काच हाय. काच जुळत न्हाई, हड्डी जुळते. जुळल्यावर तिला काम पायजे."

मी मान खाली घातली. आयुष्यभर परक्या बायकांचे हात इतक्या सबुरीनं हाताळले, आणि स्वतःच्या हाताला मेलेलं समजून फडक्यात बांधून ठेवलं.

एक महिना

बीडला भागीरथीच्या लांबच्या मावशीकडे मी महिनाभर राहिलो. भागीरथी गावं करायला परत गेली. सकाळी तालमीत जायचं. तापवलेल्या वाळूची पुरचुंडी करून शेक, मग तिळाचं तेल मनगटाकडून वर. उस्ताद गप्पा मारत. त्यांना माझ्या धंद्यातल्या गोष्टी फार आवडत. मी रंगात आलो की ते म्हणत, "हां, आता तू हलव." त्यांचा हात फक्त सोबतीला असे. जोर माझाच.

नंतर कामं. कडुनिंबाच्या खोडावर बोटांनी चढायचं, जिथवर पोचेन तिथं गेरूचा ठिपका. अर्धी भरलेली बादली लोंबकळत धरून तालमीला फेरी, म्हणजे कोपर आपल्या वजनानं उघडतं. ओला पंचा पिळायचा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. लाटणं मुठीत धरून तळवा आभाळाकडे, तळवा जमिनीकडे. मावशी म्हणायच्या, "जावई, लाटणं हातात हायच तर चार पोळ्या लाटा."

दुखायचं, खोटं कशाला सांगू. पहिल्या आठवड्यात मी उस्तादांना न सांगता दुपारी एकटाच बादली पूर्ण भरून हिंडलो. सुजून कोपर टम्म झालं. उस्तादांनी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "दुखणं सांजच्यापर्यंत उतरलं, तर काम बरोबर. सकाळी उठल्यावर तसंच असलं, तर काल जास्ती झालं." हा एक नियम मी सगळ्यांना सांगतो. आधी मी हलवतच नव्हतो, आता ऊतमात करत होतो. दोन्ही एकाच भीतीची पोरं.

मग ठिपके काही दिवस वर चढेनात. आठ दिवस तोच ठिपका. मला रडू यायचं. नवव्या दिवशी, मी त्या ठिपक्याकडे बघतही नव्हतो, तहान लागली म्हणून तांब्या उचलला आणि प्यालो. प्यायल्यावर लक्षात आलं की तो उजव्या हातात होता. उस्तादांनी मातीतल्या पोरांना थांबवलं आणि मला पुन्हा पाणी प्यायला लावलं. पोट फुटेस्तोवर प्यालो त्या दिवशी.

निघताना त्यांनी खरं तेच सांगितलं. "शेवटचा थोडा बाक ऱ्हाईल. पूर्ण सरळ व्हायचा न्हाई. पर तुझा धंदा बाकात बसतो का, ते तू बघ."

परीक्षा

घरी आलो तो नागपंचमी तोंडावर होती. बाया ओसरीवर बसलेल्या, भागीरथी भरत होती. मी बाजूला बसून तिला माळा सोडून देऊ लागलो. पूर्वी ती मला माळा सोडून द्यायची. पहिल्या दिवशी कानकोंडा झालो, दुसऱ्या दिवशी सवय झाली. शेक, तेल, बादली, लाटणं रोज चालूच होतं. पोळ्याला लहान मुलींचे हात भरायला लागलो, त्यांची हाडं लोण्यासारखी. दसऱ्याला मऊ हात, दिवाळीला ओले हात. अधूनमधून बांगडी पिचायची. कासाराच्या हातात पिचली तर ती कासाराची, हा आमचा रिवाज, म्हणून बायका काही बोलत नसत. पण बघायच्या.

भागीरथीचा हात मी मागितला नाही. तिनंही पुढं केला नाही. ती एकच बांगडी कोपरापर्यंत वर-खाली घसरत राहिली. मला भीती होती की तिच्या हाताशी मी हरलो, तर ते कायमचं ठरेल.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती ऊन पाण्याचं घंगाळ घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. उजवा हात त्यात बुडवला.

"आज न्हाई," मी म्हणालो. "थंडीनं कोपर धरलंय."

"म्हनून तर पाणी आनलंय. तुमचंबी बुडवा."

दोघांचे हात एका घंगाळात. मग तेल. तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. पहिली सांध्यावर आली आणि पिचली. दुसरीही पिचली. माझ्या कपाळावर घाम आला. आणि मग तिनंच गोष्ट काढली, तिच्या माहेरच्या म्हशीची, जी तिच्या बापाला सोडून कुणाला दूध काढू देत नसे. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. मी ऐकता ऐकता विसरलो की माझं कोपर बाकदार आहे. बसण्याची जागा थोडी तिरकी केली, खांदा पुढं घेतला. तिनं श्वास सोडला. सूतभर. पुन्हा थांबलो. बांगडी मागं घेतली नाही. अंगठ्याखालचा गोळा आत गेला आणि बांगडी मनगटावर उतरली.

मग दुसरी उतरली, तिसरी उतरली. सातवी उतरली तेव्हा मला समोरचं दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. दहा महिन्यांनी तो हात पुन्हा भरलेला होता. रिवाज असा, की बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते. मी वाट बघत राहिलो. तिनं नमस्कार केला नाही. मागच्या वर्षीच्या जुन्या बांगड्यांचा दुसरा हात घंगाळात बुडवला आणि म्हणाली,

"रडताय कावून? डावा ऱ्हायलाय आजून."